मनोरा डाव्या खांद्यावर

वाट चुकली तर मान वर करा, आजोबा सांगतात
बुलावायोहून रात्रभर बसमध्ये आखडून आलेल्या पोरांना.
मनोरा डाव्या खांद्यावर ठेवायचा,
चर्चपाशी वळलात की तो उजव्या खांद्यावर येईल.
वाटेत कुणाला विचारू नका,
विचारणाऱ्याचाच फोन जातो.

हिलब्रोमध्ये पत्ता असाच सांगतात.
रस्त्यांच्या पाट्या केव्हाच भंगारात गेल्या;
दोनशे एकोणसत्तर मीटरचा हा काँक्रीटचा दांडा तेवढा
कुणाला उचलून नेता आला नाही.

मी त्याच्या पायथ्याशी बसते, फुटके स्क्रीन बदलते.
गिऱ्हाईक कुरकुरतं: एवढा मनोरा उशाशी,
आणि रेंज कशी नाही?
मी म्हणते, उंच माणसाला
पायाजवळचं ऐकू येत नाही.

आजोबा वर होते. चार वर्षं.
तेव्हा वर फिरतं रेस्टॉरंट होतं, गोऱ्यांसाठी;
तासाभरात सबंध जोहान्सबर्ग टेबलासमोरून जायचं.
पण फिरायची ती बाहेरची कड.
मधला दांडा जागचा हलत नसे,
आणि मोरी दांड्यात.
उष्ट्या बशा झरोक्यातून आत यायच्या.
कोळंबीच्या सालांवरून काय कळणार,
बाहेर आत्ता कुठलं शहर चाललंय?
चार वर्षं आभाळात, आणि समोर पांढऱ्या फरशा.
बेसिनच्या वर एकशे बारा. एकीला तडा.

मग जूनमधली एक रात्र.
शेवटचं गिऱ्हाईक लिफ्टने उतरलं
आणि अमिल्कार मेकॅनिक मोटर बंद करायला विसरला,
किंवा विसरला नाही.
आजोबा बादली घेऊन बाहेर आले तर जमीन चाललेली.
एक पाय दांड्यावर, एक पाय शहरावर,
फाकलेच
(सांगताना अजून उठून उभे राहतात,
गुडघ्याला विचारत नाहीत).
मग बसले. टेबल नऊ. बादली मांडीवर.

उत्तर गेली: दिवेच दिवे,
कुणाचं तरी टेनिस कोर्टसुद्धा रिकामं उजळलेलं.
स्टेशन गेलं. खाणींचे ढिगारे गेले.
मग नैर्ऋत्य आली, आणि दिवे संपले.
बशीची कड संपते तसे संपले.
एक अफाट काळोख, वर कोळशाच्या धुराची साय,
आत सोवेटो निजलेलं,
चारच्या गाडीसाठी उठायच्या बेतात.

घर दिसलं का? लहानपणी मी दर वेळी विचारायचे.
दिसलं की, म्हणायचे.
जेवढं दिसत नव्हतं, तेवढं सगळं आपलंच.

फेरी पुरी झाली नाही.
पूर्व यायच्या आधीच मोटर थांबली,
टेबल नऊ एका पाण्याच्या टाकीसमोर अडकलं.
उठले, फरशी पुसली.
एक्याऐंशी साली वरचं सगळं बंद झालं,
लिफ्ट आता फक्त तंत्रज्ञांना नेते.

काल संध्याकाळी एक पोरगा स्टॉलसमोर येऊन उभा राहिला,
एन्कोसिलाथी नावाचा, खांद्यावर चौकटीची पिशवी, घामाने भिजलेला.
बाबा, तो आजोबांना म्हणाला,
तुम्ही सांगितलं तसा मनोरा डाव्या खांद्यावरच ठेवला.
दोन तास चाललो
आणि परत तुमच्यापुढेच आलो.

चर्च?
चर्च दिसलंच नाही.

मला हसू आवरेना.
आजोबा मात्र हसले नाहीत.
पोराला माझ्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं,
स्वतःचं खोकं पुढे ओढलं.
म्हणजे सबंध फेरी केलीस, म्हणाले.
मग सांग.
त्या टाकीच्या पलीकडे, पूर्वेला,
काय काय होतं?

पोराने पिशवी पायांत धरली.
एक बाई पीठ तळत होती, म्हणाला. गादीवर एक कुत्रं…
सावकाश, आजोबा म्हणाले.
टाकीपासून सुरू कर.